स्क्रीन काळी, पण लॅपटॉप जागा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. त्यामुळे कळफलक, स्क्रीन, डिस्क सगळे ठणठणीत असलेले कितीतरी लॅपटॉप कागदोपत्री बाद झाले. इंदूरचेच घ्या; हे विद्यार्थ्यांचे शहर. पार्क रोडवर १९५२ पासूनची एसजीएसआयटीएस आहे, खंडवा रोडवर देवी अहिल्या विद्यापीठाचे आयईटी आहे, सिमरोलला आयआयटी आहे आणि भंवरकुवाच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहून शिकणारी मुले आहेत. मध्य प्रदेश मंडळाच्या बारावीत ठरावीक टक्क्यांवर गुण मिळवणाऱ्यांना राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. तेवढ्या पैशांत नवा लॅपटॉप घेतला तर तो बेताचा मिळतो आणि जुना घेतला तर त्यावर विंडोज ११ चढेलच असे नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणे हा शहाणपणाचा आणि बिनपैशाचा मार्ग आहे.

मग एक दिवस अपडेट होते. यंत्र पुन्हा सुरू होते, कंपनीचे चिन्ह झळकते आणि पुढे काळोख. पंखा फिरतो आहे, दिवा लागला आहे, स्क्रीनवर मात्र काही नाही. फार तर वरच्या डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते. दुरुस्तीच्या दुकानात यावर बहुधा एकच उत्तर मिळते: फॉरमॅट मारून देतो. घरातला जाणता मुलगाही तेच सुचवतो. वास्तविक आतला प्रोजेक्ट, फोटो, नोट्स जागच्या जागी असतात, यंत्रणाही बरीचशी धडधाकट असते. बिघडलेला असतो तो एखादाच दुवा, आणि तो कुठला हे दहा-पंधरा मिनिटांत शोधता येते. काळी स्क्रीन हे एकाच बिघाडाचे नाव नाही. निरनिराळ्या पायऱ्यांवरचे पाच-सात बिघाड बाहेरून सारखेच दिसतात, एवढेच.

बटण दाबल्यापासून लॉगिनची चौकट येईपर्यंत काम हातोहात पुढे जाते. आधी मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते, ते ग्रब या बूटलोडरला उठवते, ग्रब कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला. कर्नल ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर चढवतो आणि स्क्रीनचे रिझोल्यूशन ठरवतो. मग सिस्टिमडी एकेक सेवा सुरू करते. त्यांतली एक म्हणजे जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम हा डिस्प्ले मॅनेजर. तो एक्सऑर्ग किंवा वेलँड ही चित्र दाखवणारी व्यवस्था उभी करतो, आणि त्यानंतर कुठे नोम, केडीई किंवा सिनॅमनचा डेस्कटॉप दिसतो. गाडी कुठल्या पायरीवर अडली, हा पहिला प्रश्न. उपाय त्यानंतरचा.

कंपनीचे चिन्हही दिसत नसेल तर लिनक्सचा काही संबंध नाही. पॅनेलची केबल, रॅम, बॅकलाइट यांपैकी काहीतरी बहुधा गेले आहे. अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तिरका टॉर्च मारला आणि आत पुसट चित्र दिसले, तर बॅकलाइट गेला असे समजावे. चिन्ह दिसते आणि पुढे अंधार होतो, तेव्हा मात्र तपास सॉफ्टवेअरकडे वळतो. हा तपास फोनवरूनही करता येतो. इंदूरचा मामा आणि पुण्यातली भाची यांच्यात तो साधारण असा चालतो:

“मामा, आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो का?”

“लागतो. परत दाबलं की विझतो.”

“मग कर्नल जिवंत आहे. आता कंट्रोल आणि ऑल्ट धरून ठेवा आणि एफ-तीन दाबा. नाही झालं तर जोडीला एफएन पण दाबा.”

“काळ्यावर पांढरं काहीतरी आलंय गं. लॉगिन विचारतंय.”

“झालं तर. आता फॉरमॅटचं नाव काढू नका.”

दिव्याच्या या तपासणीत पुष्कळ काही कळते. कळ दाबल्यावर दिवा लागला-विझला तर कर्नल काम करतो आहे. कळ न दाबताच दिवा आपोआप लुकलुकू लागला तर कर्नलने मान टाकली आहे; त्याला कर्नल पॅनिक म्हणतात. आणि एफ-तीनवर मजकुरी कन्सोल उघडला, तर शोध डिस्प्ले मॅनेजरपासून पुढच्या भागापुरता उरतो. निम्मी लढाई तिथेच संपते.

हे सगळे इतके गुंतागुंतीचे का झाले, ते समजायला थोडे मागे जावे लागते. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांच्या हातून उभी राहिली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ च्या सप्टेंबरमध्ये आली आणि ‘एक्स-इलेव्हन’ हे नाव तेव्हापासून टिकून आहे. भारतात सर्वसामान्य हौशी लोकांपर्यंत लिनक्स पोहोचले ते पीसीक्वेस्ट मासिकाच्या सीडीवरून. १९९६ मध्ये ती सीडी वाचकांच्या हाती देण्यामागे अतुल चिटणीस होते. त्या काळी लिनक्स चढवणे जमले तरी चित्र आणणे अवघड असे. मॉनिटरची आडवी-उभी वारंवारता त्याच्या पुस्तिकेत शोधायची, एक्सची तेव्हाची पीसीवरची आवृत्ती असलेल्या एक्सफ्री८६ च्या फाइलीत हाताने भरायची आणि आकडा चुकू नये म्हणून जपायचे, कारण भलत्या आकड्याने मॉनिटरच बिघडण्याची धास्ती असे. पुढे २००४ मध्ये परवान्याच्या वादातून एक्सफ्री८६ मागे पडले आणि एक्सऑर्गने जागा घेतली. २००९ मध्ये कर्नल २.६.२९ पासून इंटेलच्या कार्डांसाठी रिझोल्यूशन ठरवण्याचे काम खुद्द कर्नलकडे आले. हा बदल मोठा होता. आधी एक्स सर्व्हर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने थेट हार्डवेअरला हात घालायचा. आता कर्नल मालक झाला. फायदा असा की इंटेल आणि एएमडीच्या बहुतेक लॅपटॉपांवर एकही फाइल न लिहिता चित्र येते. तोटा असा की ड्रायव्हर अडखळला तर अगदी सुरुवातीलाच, एकही ओळ वाचता येण्याआधी, स्क्रीन काळी होते.

त्यावर तातडीची सोय म्हणजे ‘नोमोडसेट’. सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणायची, ‘ई’ दाबायचे, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडायचे, शेवटी ‘नोमोडसेट’ लिहायचे आणि एफ-दहा दाबायचे. कर्नलचा ड्रायव्हर मग स्क्रीनला हात लावत नाही; फर्मवेअरने दिलेल्या साध्या चौकटीवर काम भागवतो. चित्र ढोबळ येते, पण येते. हा शब्द तपासापुरता आहे, हे मात्र ठळकपणे सांगायला हवे. तो कायमचा लिहून ठेवणारे लोक कार्डाची सगळी ताकद गमावतात, ब्राइटनेस बदलत नाही, दुसरा मॉनिटर लागत नाही, आणि मग ‘लिनक्स मंद आहे’ असा गैरसमज पसरतो.

नोमोडसेटच्याही आधी करून बघावी अशी एक गोष्ट आहे. ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून मागचा कर्नल निवडावा. अपडेटनंतर अंधार झाला असेल आणि जुन्या कर्नलवर यंत्र नीट उठत असेल, तर दोष नव्या कर्नलशी ड्रायव्हरच्या जुळणीत आहे हे सिद्ध झाले. डेटाला धक्का नाही, काही पुसले नाही, आणि सोमवारची असाइनमेंटही वेळेवर जाते. मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे साधन सोबतच येते. त्याने आधीच प्रत काढलेली असेल तर आदल्या दिवसाच्या स्थितीला परत जाणे काही मिनिटांचे काम आहे.

आता या कथेतला सगळ्यात मोठा अडथळा, एनव्हिडिया. या कंपनीने वर्षानुवर्षे आपल्या ग्राफिक्स कार्डांची तांत्रिक माहिती बंद ठेवली. बाहेरच्या प्रोग्रामरांनी कार्डाच्या वागण्यावरून उलटा माग काढत ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर लिहिला; तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला, पण वेग आणि वीजबचतीत कमीच पडत राहिला. त्याच वर्षी लॅपटॉपांत ऑप्टिमस आले: एक इंटेलचे काटकसरी कार्ड, एक एनव्हिडियाचे जोरकस, आणि गरजेप्रमाणे अदलाबदल. विंडोजवर ते चालले. लिनक्सवाल्यांना मात्र कंपनीने वाऱ्यावर सोडले. पोकळी भरायला २०११ मध्ये बंबलबी हा स्वयंसेवी प्रकल्प पुढे आला. त्याच्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये एका मार्गाच्या नावात एक रिकामी जागा चुकून पडली आणि ती चालवणाऱ्यांची आख्खी ‘यूएसआर’ निर्देशिका पुसली गेली. जून २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्तो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी कॅमेऱ्यासमोर या कंपनीला उघड शिवी दिली, तिच्यामागे हा सगळा संताप होता. नंतर परिस्थिती हळूहळू सुधारली. २०१९ मध्ये ड्रायव्हरमध्ये दोन कार्डांच्या वाटणीची अधिकृत सोय आली आणि मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाचा स्रोत खुला केला. काळ्या स्क्रीनचा दोष वापरणाऱ्याच्या अडाणीपणावर टाकला जातो, तेव्हा हा इतिहास आठवावा. दहा-बारा वर्षे सामान्य माणसाने जे सोसले ते एका व्यापारी निर्णयाचे फळ होते.

आजही इथे दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, ड्रायव्हरचे कर्नल-मॉड्यूल. ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते. डीकेएमएस हे साधन ते काम आपोआप करते, पण त्या कर्नलच्या हेडर फाइली नसतील, किंवा बूट विभाजन जुन्या कर्नलांनी भरून गेले असेल, तर बांधणी अर्धवट राहते. कंपनीच्या साइटवरून ‘रन’ फाइल उतरवून ड्रायव्हर बसवणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. वितरणाच्या भांडारातलाच ड्रायव्हर घ्यावा, हा नियम इंदूरला जितका खरा तितकाच हेलसिंकीला.

दुसरी ठेच सिक्युअर बूटची, म्हणजे ओळखीची सही नसलेले सॉफ्टवेअर चढू न देणाऱ्या सोयीची, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. ड्रायव्हर बसवताना यंत्रणा एक पासवर्ड ठरवायला सांगते. हा कशाचा पासवर्ड, ते घाईत कोणी वाचत नाही. यंत्र पुन्हा सुरू होते, तेव्हा एक निळा पडदा येतो: ‘परफॉर्म मोक मॅनेजमेंट’; मोक म्हणजे यंत्राच्या मालकाची किल्ली. खाली दहापासून उलटी मोजणी. त्या दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबून ‘एनरोल मोक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तोच पासवर्ड द्यायचा असतो. माणूस पाणी प्यायला उठला, किंवा निळा रंग बघून घाबरून थांबला, की मोजणी संपते आणि यंत्र मुकाट्याने पुढे जाते. किल्ली नोंदलेली नाही, म्हणून तिने सही केलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. नोंदीत एक ओळ पडते, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, पण ती वाचायला समोर चित्रच नसते. उबुंटू आपल्या कर्नलांसाठी स्वतःच्या सहीची तयार मॉड्यूल देते, त्यामुळे तिथे हा प्रसंग कमी झाला आहे. बाकी अनेक ठिकाणी तो अजून येतो.

एक बारीक गोष्ट राहिली. अनेक गेमिंग लॅपटॉपांत आतली स्क्रीन इंटेलच्या कार्डाला जोडलेली असते आणि एचडीएमआयचे भोक एनव्हिडियाला. म्हणून आतली स्क्रीन चालते आणि प्रोजेक्टर चालत नाही, किंवा याच्या उलट. हा हार्डवेअरचा दोष समजून मदरबोर्ड बदलू नये.

इंटेल आणि एएमडी तुलनेने सज्जन आहेत. तरी इंटेलच्याही नावावर एक डाग आहे: २००८ च्या सुमारास नेटबुकांत आलेली जीएमए ५०० ही चिप. तिचे ग्राफिक्स दुसऱ्या कंपनीच्या पॉवरव्हीआर रचनेचे होते, मुक्त ड्रायव्हर मिळेना, आणि ती नेटबुके लिनक्सवर कायम रखडली. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपांत स्क्रीन लुकलुकणे किंवा अधूनमधून काळी पडणे हे पॅनेल सेल्फ रिफ्रेश या वीजबचतीच्या सोयीमुळे होऊ शकते. कर्नलला दिलेल्या एका सूचनेने ती बंद होते. एएमडीचा ड्रायव्हर मुक्त आहे, पण कार्डाला लागणारे फर्मवेअर वेगळ्या पॅकेजात असते. ते नसेल तर ड्रायव्हर असूनही चित्र नाही. डेबियन या लिनक्स वितरणाने हे फर्मवेअर तत्त्वासाठी अधिकृत सीडीबाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून नियम बदलला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबत येऊ लागले. तत्त्वाला मुरड पडली हे खरे, पण नवख्याच्या हाती काळी स्क्रीन देऊन मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार होत नाही. हा निर्णय योग्यच होता.

आणि कितीतरी वेळा ग्राफिक्सचा काही दोषच नसतो. लॉगिनची चौकट येते, पासवर्ड बरोबर आहे, क्षणभर स्क्रीन काळी होते आणि पुन्हा तीच चौकट. याला लॉगिन लूप म्हणतात. त्याचे सगळ्यात साधे कारण म्हणजे डिस्क भरली. डेस्कटॉपला सुरू होताना छोट्या छोट्या फाइली लिहाव्या लागतात; जागा नसेल तर तो उठताच कोसळतो. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मुळातच पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, म्हणून मजकुरी कन्सोलमध्ये जाऊन, सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, साफसफाई करता येते. ‘डीएफ मायनस एच’ने कुठले विभाजन शंभर टक्के झाले ते दिसते. दुसरे कारण ‘एक्सऑथॉरिटी’ ही लपलेली फाइल. कोणीतरी सुडो लावून ग्राफिक्स सुरू करून बघतो आणि होम निर्देशिकेतल्या त्या फाइलीची मालकी रूटकडे जाते. पुढच्या वेळी खऱ्या मालकालाच आत येता येत नाही. मिंटसारख्या लाइटडीएम वापरणाऱ्या यंत्रणांत हे विशेष दिसते. मालकी परत केली की काम संपले. अशा यंत्राला फॉरमॅट मारणे म्हणजे कुलपात किल्ली अडकली म्हणून घर पाडणे.

नोंदी कुठे वाचाव्यात, हेही बदलत चालले आहे. एक्सऑर्गच्या काळात ‘व्हार-लॉग’मधली एक्सऑर्गची फाइल उघडायची आणि कंसात ‘ईई’ असलेल्या ओळी शोधायच्या. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ ही त्यांतली सुप्रसिद्ध ओळ. वेलँड २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केले, फेडोराने ते २०१६ मध्ये मुख्य केले, आणि उबुंटू २५.१० मध्ये नोमचे एक्सऑर्गवरचे सत्रच राहिले नाही. वेलँडवर ती फाइल नसतेच. सगळे ‘जर्नलसीटीएल’मध्ये येते. ‘मायनस बी’ लावले की चालू सत्राच्या नोंदी, आणि पुढे ‘मायनस एक’ जोडले की मागच्या, म्हणजे अंधार झालेल्या सत्राच्या. जुन्या पुस्तकांतला आणि व्हिडिओंतला बराच सल्ला त्यामुळे शिळा झाला आहे. ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ लिहा’ असे आज कोणी सांगितले तर आधी उलटे करावे: ती फाइल असेल तर तिचे नाव बदलून बाजूला ठेवावी आणि यंत्रणेला स्वतःच ओळखू द्यावे.

मराठी माणसाची अडचण इथे आणखी एका अंगाने वाढते. तसे पाहिले तर देवनागरी संगणकावर आणण्यात इंदूर ज्यात येते त्या माळव्याचा वाटा लहान नाही. वेबदुनिया हे हिंदी पोर्टल १९९९ मध्ये इंदूरहून सुरू झाले, पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. शेजारच्या रतलामचे रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना रवी रतलामी म्हणून ओळखतात, त्यांनी लिनक्सच्या डेस्कटॉपांचे मेनू हिंदीत आणण्यासाठी कष्ट घेतले. मराठीतही नोम आणि फेडोराचे भाषांतर झाले. पण ही सगळी भाषा डेस्कटॉपवर राहते. कंट्रोल-ऑल्ट-एफ-तीनच्या मजकुरी कन्सोलमध्ये जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती मावतात, आणि काना, वेलांटी, जोडाक्षरे जुळवण्याची व्यवस्था त्यात नाही. यंत्रणेची भाषा मराठी ठेवली असेल तर तिथे अक्षरांच्या जागी चौकटी उमटतात. म्हणजे चित्र गेले की भाषाही जाते, आणि तीही नेमकी मदतीची सर्वाधिक गरज असते तेव्हा. आदेशाआधी ‘लँग बरोबर सी’ लिहून इंग्रजी संदेश मिळवता येतात. हा तात्पुरता इलाज झाला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी-हिंदीत तयार केले आहेत. त्यांच्यात यंत्र उठत नसताना काय करावे, याचा मोबाइलवर बघता येईल असा धडा असायला हवा. कर्नलनेही एक पाऊल उचलले आहे: ६.१२ आवृत्तीपासून पॅनिकच्या वेळी स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवण्याची सोय आहे. मोबाइलने तो टिपला की तपशील हातात येतो.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलसारख्या बाजारात जुना लॅपटॉप घ्यायला जाणाऱ्याने खिशात लिनक्सचा पेनड्राइव्ह न्यावा. दुकानातच पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र चालवून झाकण मिटावे, उघडावे, एचडीएमआयला मॉनिटर लावून बघावा. कार्ड एनव्हिडियाचे असेल तर त्याची पिढी विचारावी. फर्मी पिढीसाठी ड्रायव्हरची ३९० ही शेवटची मालिका, केपलरसाठी ४७०, आणि जीटीएक्स १०५० सारख्या पास्कल कार्डांसाठी कंपनीने ५८० ही शेवटची ठरवली आहे. ही कार्डे उद्या बंद पडणार नाहीत, पण त्यांच्या मालकाला नव्या मालिकेचा ड्रायव्हर आंधळेपणाने स्वीकारता येणार नाही. लिनक्सवर अभ्यास आणि प्रोग्रामिंगच करायचे असेल तर नुसत्या इंटेल किंवा एएमडी ग्राफिक्सचा लॅपटॉप घ्यावा. तो दिसायला साधा असतो आणि अपडेटनंतर सकाळी उठतो.